दोर धरणारा

रोहिदासने बांधलेली गाठ सुटली. तसं बघायला गेलं तर काय एवढं, भिसेगावातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी ती. मी ओली चादर टाकली, कडा जुळवायला जरा ओढली, आणि दोरी सगळ्या कपड्यांना घेऊन खाली गेली. तळमजल्यावरच्या विनिताच्या स्कूटरवर माझा परकर आणि रोहिदासचं बनियन पसरलं. विनिता गुणाची, हसत हसत म्हणाली राहू द्या काकू, मी आणते वर. एरवी मीही हसले असते. पण मी गजाला धरून तशीच उभी राहिले, कारण सुटलेलं टोक गजात अडकून लोंबत होतं आणि त्यावर गाठ अशी नव्हतीच. नुसता एक पीळ होता, लहान पोरं नाडीला घालून सोडून देतात तसा. रोहिदास आतून आला, टोक हातात घेतलं, बघत राहिला. मग बांधायला घेतलं. दोरीचा इंग्रजी आठ केला, टोक गजाभोवती नेलं, आणि तिथे त्याची बोटं थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी लगेच दुसरीकडे पाहिलं. तो म्हणाला, तू बांध, मी चहा टाकतो. चहा आम्ही आत्ताच प्यायलो होतो.

ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, बाई दोरीवरून काय घेऊन बसलीय. तर सांगते. रोहिदास दोर धरणारा माणूस आहे. कातळ चढताना एक जण वर जातो आणि एक जण खाली उभा राहतो. वर जाणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला असतो. तो जसजसा चढेल तसा खालचा दोर सोडत जातो, आणि वरचा सटकला की आवळून धरतो. हल्लीची पोरं त्याला बिले म्हणतात, आम्ही आपलं धरणं म्हणतो. फोटो मात्र वर जाणाऱ्याचा निघतो. माझाही एकदा पेपरात आला होता, कर्जतच्या गृहिणीची भरारी असं काहीतरी वर छापून, आणि त्या गृहिणी शब्दावरून मी आठवडाभर धुसफुसत होते. त्या फोटोच्या अगदी खालच्या कडेला एक हात दिसतो, मनगटापाशी कापलेला. तो रोहिदासचा. मी म्हटलं, बघ रे, तुझा हातच तेवढा आलाय. तर म्हणाला, मग बरोबर आहे की, हातच तेवढा लागतो. असा माणूस. भांडायला सुद्धा नीट मिळत नाही. लग्न झाल्यापासून माझा दोर दुसऱ्या कुणी धरलेला नाही, आणि कुणी धरावा असं मला कधी वाटलंही नाही. वर असताना मी खाली बघतच नाही. बघायचं काय त्यात, तो असतोच.

मी पोशीरची. आमची भाताची खाचरं, आणि मागे माथेरानचा डोंगर भिंतीसारखा उभा. खोपोलीची काही पोरं सुट्टीच्या दिवशी त्या डोंगराच्या खालच्या कड्यांवर दोर लावायला यायची आणि पाण्यासाठी आमच्या अंगणात थांबायची. एकदा मी विचारलं, मी येऊ का? सगळे हसले. एक काळासा रुंद खांद्यांचा पोरगा हसला नाही. त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, साडीवर नाही जमणार, भावाची पँट घाला. दुसऱ्या खेपेला मी भावाची पँट घालून, वर कमरेला सुतळी बांधून हजर. तेव्हा कमरेच्या पट्ट्यांची, हार्नेसबिर्नेसची चैन नव्हती, दोरच कमरेभोवती गुंडाळायचा. त्याने तो बांधला, बांधताना मान वळवून दुसरीकडे बघत होता, आणि त्या बघण्यावरच मी फसले असं मी त्याला अजून चिडवते. आई कपाळ बडवत होती. तुला पडायचंच आसंल तर आंब्यावरनं पड गं, घराजवळ तरी हाय, असं म्हणायची. पुढे तो मागणी घालायला आला तेव्हा आप्पांनी दुसरं काही विचारलं नाही. शेती किती, नोकरी पक्की का, काही नाही. फक्त विचारलं, तू पण त्या चढणाऱ्यांतलाच का रं? रोहिदास म्हणाला, नाय आप्पा, मी धरतो. आप्पांनी आत वळून चहा सांगितला.

मग तो खोपोलीच्या शिळफाट्याजवळच्या कारखान्यात पाळीवर आणि मी कर्जतला ब्लाउज शिवायला. लोकांचा रविवार मटणाचा, आमचा कातळाचा. किती लग्नं बुडवली, किती बारशी, नातेवाइकांनी तर आम्हाला धरणंच सोडून दिलं. बोलावून ठेवायचं म्हणून बोलवायचे. नागफणी झाली, ढाकचा कडा झाला, नावं नसलेले सुळके झाले. पण घरचा म्हणावा तो पडवीचा कातळ. कर्जतपासून रिक्षाने पायथ्याला जायचं, वर डोंगरातली वाडी, आणि वाडीच्या मागे हा कातळ. मध्यावर त्याचा एक भाग छपरासारखा पुढे आलाय, घराची पडवी असावी तसा, म्हणून आम्हीच ठेवलेलं नाव. वाडीतली भागी आमची तिथली माणूस. आमची सुरभी तान्ही असताना तिच्या झोळीत झोपायची, मी वर आणि रोहिदास खाली दोर धरून, आणि झोळी हलवायला भागी. तीच सुरभी आता पुण्यात बँकेत आहे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली बघायलाही घाबरते. माझ्या हातांचं तर विचारूच नका. बोटांची टोकं अशी खरखरीत की रेशमी कापडाचे धागे ओढले जायचे. गिऱ्हाईक बायका म्हणायच्या, नंदाताई, बोटांना काहीतरी लावत जा हो. मग रात्री रोहिदास खोबरेल तेल घेऊन बसायचा आणि एकेक बोट चोळायचा. रविवारी पुन्हा पहिल्यासारखी.

एकदा मी त्या पडवीवरूनच सुटले होते. सुरभी तेव्हा शाळेत जायला लागली होती. ओल्या शेवाळावर बोटं घसरली आणि मी हवेत. तेव्हा दोर कमरेवरून घ्यायचा, हल्लीसारखं आवळणारं यंत्र नव्हतं. तो झटक्याने ओढला गेला, खडकावर आपटला, दोर त्याच्या तळव्यातून सळसळत गेला आणि कातडी घेऊन गेला. पण त्याने मूठ उघडली नाही. मी खाली उतरले तेव्हा तो दुसऱ्या हाताने मनगट दाबून बसला होता आणि पहिलं काय विचारलं असेल? गुडघा फुटला का तुझा? त्याचा तळवा बघून मी जी रडायला लागले ती घरी येईपर्यंत. तो आपला रिक्षावाल्याला सांगतोय, काय नाय, बाईमाणूस घाबरलंय. मग काही आठवडे मीच त्याला भरवत होते, आणि खरं सांगू, ते दिवस आमचे फार चांगले गेले. तो तळवा अजून तसाच आहे, मधे गुळगुळीत आणि कडेने जाड. झोपेत माझ्या पाठीवर पडला तरी मला कळतो.

आणि आता ह्या हाताने दोरीला नुसता पीळ घातला होता. मला हे आजच कळलं असं नाही. कळत होतं. भाजी आणायला गेला आणि शेजारच्या इमारतीच्या जिन्यात उभा राहिलेला मी वरून बघितला होता. मग वर येऊन म्हणाला, जरा पाय मोकळे केले. शिळफाट्याला जुन्या दोस्तांकडे जायचं त्याने बंद केलं होतं आणि गुडघ्याचं कारण सांगत होता. गुडघे त्याचे माझ्याहून धड आहेत. मीही काही कमी नव्हते. त्याला नाव शोधायला लागू नये म्हणून मीच आधी बोलून टाकायची, विपुलचा फोन होता रे, तुझ्या कारखान्यातला विपुल, आणि तो हो हो, विपुल, म्हणून घ्यायचा. दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो आणि एकमेकांना त्यात मदत करत होतो. डॉक्टरकडे जाऊ असं ओठांवर यायचं आणि मी परत गिळायची. भाजीचं चालेल, नावांचं चालेल, सगळं मी निभावून नेईन. पण रविवार होता ना. रविवारी मी त्या कातळावर असणार आणि माझा जीव त्याच्या मुठीत असणार. नव्या पोरांना कातळ चढायला शिकवताना आम्ही दोघांनीही पहिली गोष्ट हीच सांगितलेली की कुणाचं मन राखायला म्हणून दोर धरायला द्यायचा नाही. कुणी का असेना. हात खात्रीचा नसेल तर तोंडावर सांगायचं. मी स्वतः कितीतरी धडधाकट गड्यांच्या हातातून दोर काढून घेतलाय आणि मागे वळून बघितलं नाही. आता रोहिदासच्या हातातून काढून घ्यायचा म्हणजे मग त्याच्याकडे राहिलं काय? कारखाना सुटला तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. हे सुटलं तर तो आमच्या गॅलरीत बसून राहील आणि हळूहळू बसलेलाच राहील, हे मला दिसत होतं. आणि नाही काढून घेतला तर मी मरेन. मरणाचं एक वेळ सोडा, पण मग ते त्याच्या हातून झालेलं असेल, आणि विसरणारा माणूस नेमकं तेच विसरणार नाही.

शनिवारी संध्याकाळी तो सॅक भरत बसला. मी मशीनवर शिवत असल्याचं नाटक करत बघत होते. दोर घडी घालून ठेवला, बूट, पाण्याच्या बाटल्या, सगळं गाणं गुणगुणत. हार्नेस मात्र दोन्ही माझेच भरले, जुना आणि नवा. तो वळल्यावर मी जुना काढून त्याचा घातला. मग कपडे आणायच्या निमित्ताने गच्चीवर गेले आणि हर्षलाला फोन लावला. हर्षला नेरळच्या शाळेत शिकवते, आमच्याकडेच शिकली, हात पक्का आणि तोंड त्याहून पक्कं. मी म्हटलं, उद्या पडवीला येतेस का गं, सहज. ती म्हणाली, येते की मावशी, पण काका आहेत ना धरायला? आहेतच, मी म्हटलं, तू ये. तेवढंच बोलून फोन ठेवला आणि वाळलेले कपडे विसरून खाली आले. सकाळी सांगू, असं ठरवलं. पायथ्याला सांगू. वाडीत गेल्यावर सांगू.

सकाळी खाचरांतून पालापाचोळ्याचा राब भाजल्याचा धूर जमिनीलगत पसरला होता. रोहिदास पुढे, सॅक त्याच्याच पाठीवर, मी मागे, हर्षला तिसरी, शाळेतल्या हेडबाईंच्या नकला करत. रोहिदास मोठ्याने हसत होता, वाटेत करवंदीच्या जाळीपाशी नेहमीसारखा थांबून माझ्यासाठी काटे बाजूला धरत होता, आणि मला वाटायला लागलं, उगाच मी मनाचे खेळ करतेय, एक गाठ काय सुटली. भागीने बिनदुधाचा चहा दिला आणि नेहमीचं विचारलं, वर एवढं काय ठेवलंय तुमी, दर वेळी बघायला येता ते. रोहिदास म्हणाला, भागी, तुझ्यापासून लपवून ठेवलंय. त्याने तिचं नाव घेतलं आणि माझा जीव भांड्यात पडला. तिथे सांगायचं ते राहून गेलं. कातळाखाली आलो तर त्याने हार्नेस चढवून बकलही लावलं होतं. मी काही बोलण्याआधीच दोर त्या आवळणाऱ्या यंत्रातून ओवायला घेतला.

मग मी फक्त त्याचे हात बघितले. दुसरं काही नाही. दोराचा वेढा आत घातला, बाहेर काढला. बरोबर. कॅरॅबिनरच्या कडीत अडकवलं. बरोबर. कडीचा स्क्रू फिरवला, पूर्ण फिरवला का? फिरवला. मग परत उघडला. का उघडला? बघितलं, परत लावला. माझ्या हातात माझ्या बाजूचं टोक होतं, माझी बोटं त्यांचं काम करत होती, आठ केला, टोक हार्नेसमधून ओवलं, आणि नजर सगळी त्याच्या हातांवर. तो उजवा हात दोरावर ठेवतोय ना, खालच्या बाजूला ठेवतोय ना. ठेवला. हर्षला मागे बुटाची नाडी बांधत होती. आता सांग, मी स्वतःला म्हटलं, आता नाही सांगितलंस तर तू निघालीस वर. आणि मी कातळावर हात ठेवला.

आमच्याकडे जमीन सोडण्याआधी एकमेकांना तपासायची रीत आहे. सगळेच तपासतात, पण डोळ्यांनी. रोहिदास डोळ्यांनी तपासत नाही, चाचपतो. समोर येऊन उभा राहतो, कमरेचं बकल, मांड्यांचे पट्टे, मग गाठ, आंधळ्यासारखा हात फिरवत जातो आणि त्या वेळी भलतीकडेच बघत असतो, त्या पहिल्या दिवशी बघत होता तसाच. इतक्या वर्षांत मला ते तपासणं वाटेनासंच झालं होतं. नवऱ्याने जाता जाता पदर सारखा करावा, तेवढंच. तो आला. बकल. पट्टे. मग हात पोटापाशी आला आणि थांबला. मला वाटलं, गेलं, पुढचं विसरला, आता हर्षलासमोर सगळं उघड होणार. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, तो समोरच्या डोंगराकडे बघत होता.

“नंदा,” तो म्हणाला, “गाठ कुठंय?”

मी खाली बघितलं. दोर हार्नेसमधून ओवलेला होता आणि तसाच लोंबत होता. टोक परत आठातून फिरवून आणायचं असतं, तेव्हा गाठ होते, ते मी केलंच नव्हतं. तशीच वर गेले असते, पडवीपर्यंत पोचले असते, पहिल्यांदा दोरावर भार टाकला असता आणि दोर माझ्या कमरेतून सुईतून दोरा निघावा तसा निघून गेला असता. त्याने कितीही घट्ट धरला असता तरी. मी तिथेच खाली बसले. त्याचे हात राखता राखता मी माझेच विसरले होते. रोहिदास माझ्यासमोर उकिडवा बसला. मी गाठ पुरी केली, त्याने ती अंगठ्याने दाबून बघितली, प्रत्येक वेढा, आणि हात तिथेच ठेवला. हर्षलाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलला.

“बघायचं मी बघत जाईन गं. हातांना येतंय अजून. पण धरायला आता हर्षलाला सांग.”

मी वेड्यासारखी म्हटलं, का, तू धरतोस की नीट.

“मधेच जातं नंदा. मागल्या रविवारी तू पडवीखाली होतीस. माझ्या हातात दोर होता आणि वर कोण हाय ते आठवंना. मग सोडायचं नाय एवढंच धरलं.”

मागच्या रविवारी. मी वरून दोर सोड, दोर सोड म्हणत होते आणि तो सोडत नव्हता. बोटं सुटायला आली होती माझी. खाली उतरल्यावर मी त्याला काय काय बोलले, झोपलास का, म्हातारा झालास का, आणि तो हसून दोर गोळा करत राहिला होता. वर कोण आहे ते माहीत नसताना त्या माणसाने दोर धरून ठेवला होता. मला रडू फुटलं. काही आडपडदा न ठेवता, भोकाड पसरून रडले. हर्षला धावत आली, काय झालं मावशी म्हणायला लागली. रोहिदासनेच तिला सांगितलं, काय नाय, आज तू धर, मी बाजूला उभा राहतो. असं म्हणून त्याने स्वतःच्या हाताने यंत्र काढलं, तिच्या हार्नेसला लावलं, आणि मग तिलाही चाचपून बघितलं. त्यात कुठे अडखळला नाही.

परत फिरावं असं मनात आलं होतं. पण त्याने कातळाकडे हात केला, जा आता, तापेल, असं म्हणाला, तेव्हा गेले. पहिल्या खाचा पाठ आहेत, त्या चढले. दोर मात्र परका होता. हर्षला पोरगी जिवाला जपणारी, पण नेमकी म्हणूनच आवळून धरत होती. प्रत्येक हात पुढे टाकताना कमरेला हिसका बसत होता, कुणीतरी पदर धरून मागे ओढावं तसा. पडवीच्या खाली आले. इथे डोक्यावर छप्पर येतं, पाय खाली राहतात आणि हात मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या खाचेत टाकायचा असतो. मी टाकायला गेले आणि दोराने अडवलं. परत गेले, परत अडवलं. दंड भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिथून खाली बघितलं. हर्षला दोन्ही हातांनी दोर धरून ताठ उभी होती, घाबरलेली. तिच्या शेजारी रोहिदास, हात मोकळे, मान वर. मी तोंड उघडणार तेवढ्यात तो तिला सांगताना ऐकू आला, घाई न करता, घरातल्या माणसाबद्दल नव्या माणसाला सांगावं तसा.

“ढील दे तिला. तिथं तिला ढील लागते.”

हर्षलाने दोर सैल सोडला. मी हात मागे टाकला, आणि खाच होती तिथेच होती.